माणूस गेल्यावर सौदा कोणाशी करायचा?

कृष्णाकाठची
८ जून, २३:५२

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं. आज लिहितेच.

बाबांना जाऊन साडेचार महिने झाले. २३ जानेवारीची रात्र. मी पुण्यात, ते आणि आई मिरजेला. रात्री ९:४० ला बाबांचा फोन आला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कट केला आणि फोनमधला तयार मेसेज टाकला, 'नंतर करते'. अकराच्या सुमारास छातीत जळजळतंय म्हणाले. आईने ओवा दिला. मग घाम फुटला. शेजारच्या काकांनी गाडी काढली, पण दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ते दुःखाचे पाच टप्पे व्हॉट्सॅपवर फिरत असतात ना, नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार, ते मलाही चार जणांनी पाठवले. बाकीचे कळतात. सौदेबाजी कळत नव्हती. पेशंट जिवंत असताना माणूस देवाला म्हणेल, एवढं कर, मी तेवढं करते. गेल्यावर कसला सौदा? मालही गेला आणि दुकानही बंद.

आणि तरी मी तो करतेय, हे गेल्या आठवड्यात लक्षात आलं. चहा सोडलाय. कुणी सांगितलं नव्हतं. दर शनिवारी पर्वती चढते, अनवाणी. १०३ पायऱ्या मोजत, आणि मोजणी चुकली की परत खाली येऊन पहिल्यापासून. बाबांच्या नंबरला दर २८ दिवसांनी रिचार्ज मारते. फोन माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीत असतो, चार्ज केलेला. आईला वाटतं तो काकांनी नेला.

बाबा परत येणार नाहीत हे मला कळतं, एमएस्सी झालेय मी. पण रात्री दिवा मालवला की मनात एकच वाक्य येतं: मला ९:४० परत दे, पुढचं माझं मी बघते.

असं कुणाचं झालंय का? हे कधी थांबतं?

---

आज्जीचा_बटवा
९ जून, ०६:१०

वाचलं. काय लिहू सुचत नाही. जवळ असतीस तर नुसती शेजारी बसले असते.

---

शुद्धलेखन_प्रेमी
९ जून, ०८:३३

तुमच्या दुःखात सहभागी आहे. अवांतराबद्दल आधीच क्षमा, पण 'सौदेबाजी' हा शब्द खटकतो. सौदेबाजीत नफा असतो. 'घासाघीस' म्हणावं तर ती मंडईत होते, समोर विकणारा असतो. 'काकुळतीला येणे' जवळचं वाटतं.

---

तर्कट
९ जून, ०८:५०

शब्द कुठलाही घ्या, हा सगळा नवसाचा संस्कार आहे. लहानपणापासून 'पास झालो तर एकवीस मोदक' शिकवलं की मोठेपणी हेच होणार.

---

आज्जीचा_बटवा
९ जून, ०९:०५

तर्कटराव, आज नको. निदान या धाग्यावर तरी नको.

---

मनाचिये_गुंती
९ जून, ११:४०

कृष्णाकाठची, मी समुपदेशक आहे, नागपूरला. थोडं लांबेल, चालवून घे.

तुझी शंका अगदी बरोबर जागी आहे. हे टप्पे मुळात मागे राहिलेल्यांसाठी नव्हतेच. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या झुरिकला जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या मानसोपचारतज्ज्ञ. १९६० च्या दशकात शिकागोच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात त्या मरणाच्या वाटेवरच्या पेशंटांशी बोलायच्या. त्या काळी डॉक्टर अशा पेशंटाला त्याचा आजारसुद्धा धड सांगत नसत. त्या बोलण्यांवर त्यांनी १९६९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातलं सौदेबाजीचं प्रकरण अगदी छोटं, काही पानांचंच. कारण पेशंट हे बोलून दाखवत नाहीत, देवाशी गुपचूप ठरवतात.

त्यात एक बाई आहे. भयंकर वेदना, सतत इंजेक्शनं. मुलाच्या लग्नाला जाता येऊ दे, मग काहीही कबूल, असं तिचं म्हणणं. सगळ्यांनी खटपट करून तिला लग्नाला पाठवलं. परत आली ती दमलेली, आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आत म्हणाली, माझा आणखी एक मुलगा आहे, विसरू नका.

मागे राहिलेल्यांना हे टप्पे त्यांनी नीट लागू केले ते पुढे, शोकावर लिहिणाऱ्या डेव्हिड केसलर यांच्याबरोबरच्या पुस्तकात. ते २००५ ला आलं, क्युब्लर-रॉस २००४ लाच गेल्या होत्या. तिथे सौदेबाजीचं तोंडच फिरतं. पेशंटाचा सौदा पुढच्या दिवसांसाठी असतो, आपला गेलेल्या दिवसांसाठी. 'असं झालं तर' नाही, 'असं झालं असतं तर'. त्यामुळे तुझ्या शीर्षकाचं माझं उत्तर: भूतकाळाशी. आणि त्याला ऐकू येत नाही, म्हणून बोली वाढतच जाते. आधी चहा, मग चपला, मग मोजणी.

आणखी एक. 'टप्पे' या शब्दाने फार गोंधळ केलाय. लोकांना वाटतं पर्वतीच्या पायऱ्यांसारखं आहे, एक झाली की दुसरी. तसा क्रम नसतो. २००७ साली येल विद्यापीठाच्या लोकांनी २३३ शोकग्रस्तांचा अभ्यास छापला होता. त्यात राग आणि नैराश्यापेक्षा जास्त दिसली ती गेलेल्या माणसाची ओढ. आणि 'तो गेला' हे मान्य असणं तर सुरुवातीपासूनच होतं. सौदेबाजी त्यांनी मोजलीच नव्हती, पण मला विचारशील तर ती त्या ओढीचंच लेकरू आहे. गेलाय हेही कळतं आणि रिचार्जही मारावासा वाटतो. दोन्ही एकाच घरात राहतात.

---

गावचा_डॉक्टर
९ जून, १४:१५

कराडजवळ प्रॅक्टिस करतो. तुमच्या बाबांची केस मला माहीत नाही, त्यामुळे 'वाचले असते' किंवा 'वाचले नसते' दोन्ही सांगणार नाही. एवढं सांगतो की हार्ट अटॅकचं दुखणं पित्तासारखं वाटणं रोजचं आहे. डायबेटीसवाल्यांना तर कधीकधी दुखतच नाही. काही जणांच्या हृदयाचा ताल असा बिघडतो की मिनिटांत खेळ संपतो, मग माणूस घरी असो की दवाखान्याच्या पायरीवर. आईंनी ओवा दिला यात काहीही चूक नाही. अकराला जळजळ म्हणाले, म्हणजे ९:४० ला त्यांना काही होत होतं असं धरायला आधार काय? फोन कशासाठी केला होता, हे आईंना विचारलंत का?

(इतर वाचकांसाठी: छातीत दाब किंवा जळजळ आणि सोबत घाम असेल तर ओवा, सोडा काही न देता थेट ईसीजी असेल तिथे जा. १०८ ला फोन लावा.)

---

कृष्णाकाठची
९ जून, २२:२०

डॉक्टर, विचारलं होतं. बेदाण्यासाठी केला होता. तासगावहून कुणीतरी आणले होते, पुण्याला एसटीने किती किलो पाठवू विचारायचं होतं. दोन की तीन. आईने नंतर तीन पाठवले. डबा तसाच आहे.

तुम्हाला वाटेल, मग प्रश्न मिटला. मलाही चार दिवस वाटलं होतं. पाचव्या दिवशी मनाने नवीन काढलं: उचलला असतास तर आवाजावरून ओळखलं असतंस. बाबांचा आवाज जरा जड लागला की मला कळायचं. आता त्यावर काय उत्तर आहे?

---

एडिसनचा_पक्या
१० जून, ०५:४५

यावर उत्तर नसतं. म्हणजे उत्तर असतं, पण मन लगेच गोलचे खांब हलवतं.

माझी आई एप्रिल २०२१ ला गेली, ठाण्यात. मी न्यू जर्सीत. तिकडे रात्र म्हणजे माझा दिवस, म्हणून ऑक्सिजन बेड आणि रेमडेसिविर (कोविडवर देत ते इंजेक्शन) शोधायचं काम माझ्याकडे. एका रात्रीत ६१ फोन केले. वहीत आकडे आहेत, पुढे शेरे आहेत: 'उचलत नाही', 'उद्या बघू', 'आधारकार्ड पाठवा'. प्रत्येक फोनआधी देवाला म्हणायचो, हा लागू दे, मी पुढच्या महिन्यात कायमचा परत येतो. लागला नाही की बोली बदलायची. घर विकतो. सिगरेट सोडतो (ती खरंच सोडली, तेवढं एक झालं).

औषध मिळालं नाही. आई गेल्यावर वर्षभर एकच, बासष्टावा फोन केला असता तर. मग कुठेतरी वाचलं की रेमडेसिविरने मृत्यूचं प्रमाण फारसं कमी होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत २०२० सालीच दिसलं होतं. म्हणजे मिळून फार फरक पडलाच असता असं नाही. हलकं वाटायला हवं होतं ना? मला राग आला. माझा बासष्टावा फोन कुणीतरी हिसकावून घेतल्यासारखा.

त्या रागात कळलं, मला तो फोन हवा होता. माझी चूक असणं मला परवडत होतं. कुणाच्याच हातात काही नव्हतं, हे परवडत नव्हतं.

---

मनाचिये_गुंती
१० जून, १०:०२

पक्या, हे मी क्लायंटना सांगते त्यापेक्षा तू नीट सांगितलंस.

यात थोडी भर. मन 'असं झालं असतं तर' करताना वाट्टेल ती गोष्ट बदलत नाही. डॅनिएल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये लोकांना एक गोष्ट दिली होती. एक माणूस ऑफिसातून घरी जाताना अपघातात मरतो. काहींना सांगितलं, त्या दिवशी तो नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्याने गेला. काहींना सांगितलं, रस्ता नेहमीचाच, पण निघाला लवकर. मग विचारलं, घरचे काय म्हणत असतील? ज्यांना रस्ता सांगितला त्यांनी रस्ता बदलला, ज्यांना वेळ सांगितली त्यांनी वेळ. ज्या पोराने गाडी ठोकली ते पोर त्या चौकात नसतं तर, असं त्यामानाने थोडेच म्हणाले.

कृष्णाकाठची, बाबांचं बीपी, वय, अनुवंश, वीस वर्षांची तंबाखू असेल तर ती, यातलं काहीच तू रात्री बदलत नाहीस. तू फोन बदलतेस, कारण त्या दिवशीची तीच गोष्ट तुझ्या बोटाखाली होती.

---

कृष्णाकाठची
१० जून, १०:४०

तंबाखू नव्हती. पण बीपीची गोळी मनात येईल तेव्हा घ्यायचे. त्यांना त्याबद्दल मी कधी दोषच दिला नाही, हे आत्ता लिहिताना कळलं.

---

रामकुंड
१० जून, १६:३०

मी पासष्टीची बाई, नाशिकची. ही माणसं काय शोध लावतायत ते लावोत, आपल्याकडे माणूस गेल्यावरचा सौदा उघड्यावर, सगळ्या भावकीसमोर होतो. दहाव्याला.

आमचे हे २०१६ ला गेले. पिंड मांडला. कावळे पलीकडच्या भिंतीवर बसलेले, येईनात. मग सुरू झालं. दीर म्हणाले, दादा, शेताचं वाटप तुझ्या मनासारखं करू. नाही. मुलगा हात जोडून म्हणाला, आईला एकटं ठेवणार नाही. नाही. नणंद म्हणाली, माझ्यावर रागावला असशील तर माफ कर, आणि रडायलाच लागली, कारण त्यांचा खरंच अबोला होता. तरी नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. ऊन वर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

घरी येताना जावेने हळूच म्हटलं, काहीतरी इच्छा राहिलीय बघ त्यांची. झालं. वर्षभर मी ती इच्छा शोधत होते. त्यांची कपाटं, बँकेची पासबुकं, जुनी पत्रं उपसली. त्यांना काशीला जायचं होतं का म्हणून मी काशीला जाऊन आले.

वर्षश्राद्धाला तेच गुरुजी. मी विचारलंच, कावळा का आला नसेल हो? ते पातेली भरत होते, वर न बघता म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी नदीवर अकरा दशक्रिया होत्या. कावळ्यांची पोटं भरली होती."

मला इतकं हसू आलं की थांबेना. मुलाला वाटलं आईचं काही खरं नाही.

---

तर्कट
१० जून, १७:१२

रामकुंडताई, साष्टांग नमस्कार. त्या गुरुजींचा पत्ता द्या, आमच्या संघटनेत घेतो.

कालच्या प्रतिसादाबद्दल माफी, कृष्णाकाठची. खरं सांगायचं तर माझे वडील आयसीयूत असताना मीही केलंय, आणि मी देव मानत नाही. रुग्णालयाची लिफ्ट मधल्या मजल्यावर न थांबता थेट चौथ्याला पोचली तर आज बरी बातमी, असं मी मनाशी ठरवायचो. थांबली की लिफ्टमध्ये शिरणाऱ्या माणसाचा राग यायचा. एकदा स्ट्रेचरवरचं बाळ आत आलं, तेव्हा स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यामुळे संस्कारबिंस्कार जे लिहिलं ते मागे घेतो.

---

देवगडचो_झील
१० जून, २१:०८

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा. आमच्याकडे आईच्या ऑपरेशनआधी गावच्या देवळात कौल लावला. उजवा मिळाला, म्हणजे देवाचा होकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणालो, नवस बोलला. ऑपरेशन चांगलं झालं. अकराव्या दिवशी इन्फेक्शनने आई गेली.

आता नवस फेडायचा का? थोरला काका म्हणतो फेडूचो नाय, देवान शब्द पाळूक नाय. धाकटा म्हणतो, ऑपरेशनापुरता बोललो होतो, ऑपरेशन झालं, म्हणजे देणं लागतो. गेल्या गणपतीत यावर जेवणावरून उठून गेले दोघे. त्यात कुणीतरी माझ्या वहिनीला ऐकवलं की तिच्या बाळाचा आधीचा नवस राहिला होता, त्याचं हे झालं. ती बाई तेव्हापासून सुकत चाललीय. आईची सगळ्यात जास्त सेवा तिने केली.

---

आज्जीचा_बटवा
१० जून, २१:३०

नवसाचं जे करायचं ते करा. पण वहिनीला जो बोलला त्याला आधी सगळ्यांसमोर माफी मागायला लावा. हे मी चिडून लिहितेय आणि खोडणार नाही.

---

म्हापशेकार
१० जून, २२:०१

आमच्या गोव्यात नवसाला आंगवण म्हणतात, आणि हाच वाद आमच्या घरीही झालेला. माझ्या मावशीने तो एका वाक्यात संपवला: देवाला द्यायचं ते बहिणीच्या नावाने देते, हिशोब तुम्ही घाला. तेल, नारळ देऊन आली. हिशोब अजून कुणी घातलेला नाही.

---

मनाचिये_गुंती
११ जून, १२:२०

देवगडचो झील, बटव्याशी सहमत. आपला सौदा फसला की काही जण त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडतात, आणि घरात ते बहुतेक वेळा सुनेच्या नावावर फाटतं. वहिनीशी एकदा एकटं बसून बोल. तू 'तुझी चूक नाही' म्हणालास तर ती मान हलवेल आणि आत काही बदलणार नाही. त्यापेक्षा तिला विचार, त्या अकरा दिवसांत काय काय झालं. सगळं सांगू दे, क्रमाने, कुठली नर्स, कुठली गोळी, रात्री कोण होतं. मला दिसतं ते असं की सगळं बोलून झालं की 'मी एकटीने मारलं' ही गोष्ट जरा पातळ होते.

कृष्णाकाठची, तू विचारलं होतंस कधी थांबतं. तारीख मी देणार नाही, कुणी दिली तर मानू नकोस. आजारांच्या नव्या आंतरराष्ट्रीय यादीत लांबलेल्या शोकाला वेगळी जागा दिलीय, आणि तिथे किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकन यादीत मोठ्या माणसांसाठी वर्षाची. तीही नुसती आठवण येते म्हणून नाही, तर जगणंच अडलंय म्हणून. साडेचार महिन्यांत चहा सोडणं त्यात बसत नाही. पण मोजणी चुकल्यावर परत खाली जाणं वाढत गेलं, झोप गेली, किंवा बाबांकडे जावंसं वाटायला लागलं, तर थांबू नकोस. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे नाहीत.

आणि आईला फोनबद्दल सांग. माझा अंदाज, तिच्याकडेही ओव्याची एक चिमूट लपवलेली असणार.

---

वडाची_साल
११ जून, १३:१५

परवा वटपौर्णिमेला सूत गुंडाळताना हाच धागा डोक्यात होता. सावित्री आठवा. सासऱ्याची दृष्टी, राज्य, वडिलांना शंभर पुत्र, मग हळूच स्वतःला शंभर पुत्र. यम 'तथास्तु' म्हणून मोकळा. आपल्या सगळ्यांना लहानपणी ही गोष्ट सांगितली, की नीट बोलता आलं तर नवरा परत मिळतो. ज्यांना मिळाला नाही त्यांना काय वाटत असेल, याचा विचार कहाणी सांगणारीने केला नाही.

---

कृष्णाकाठची
१४ जून, २३:३०

चार दिवस इथे आले नाही. मिरजेला गेले होते.

आईला कपाटातल्या फोनचं सांगितलं. ती काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली, भांडी लावल्याचा आवाज आला. मग बाहेर येऊन म्हणाली, "मी अकराला हाक मारायला हवी होती शेजारी. मी आधी ओवा शोधत बसले. डबा सापडेना." पाच महिने ती ओव्याचा डबा ओट्यावर, हाताशी ठेवतेय. मला वाटलं होतं तिचं पोट बिघडलंय.

मग आम्ही डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं वाचलं, दोघींनी. तिने चष्मा पुसून दोनदा वाचलं. बेदाण्याचा डबा मी सोबत नेला होता. तो उघडला. त्यातले काही चिकटले होते एकमेकांना. आईने वाटीभर धुऊन शिऱ्यात घातले आणि शिऱ्यासोबत तिने चहा टाकला तो मी घेतला. साखर फार होती.

रिचार्ज उद्या संपतोय. एकदा मारते. आणखी २८ दिवस, मग बघू.

---

रामकुंड
१५ जून, ०७:०५

मार गं. हे जाऊन इतकी वर्षं झाली तरी यांचं वाचनालयाचं सभासदत्व मी भरतेय.

---

तर्कट
१५ जून, ०९:२०

मी सहकारनगरला राहतो. शनिवारी पर्वतीला किती वाजता असता? मोजायला दोघं असले तर चुकणार नाही.

---

कृष्णाकाठची
१५ जून, ०९:४०

पावणेसातला, पायथ्याशी. चपला घालून येणार आहे यावेळी, खडी फार आहे.